मास्तरांची बाजू

द्वारकाबाईंचा आवाज कुठेही नोंदलेला नाही, याची खात्री व्हायला मला चार महिने लागले.

या शहरातल्या लग्नांत, उरुसांत आणि गणेशोत्सवांत गाणाऱ्या जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांचा एक छोटा संग्रह आम्ही काही जण जमवत आहोत. साठीच्या पुढच्या कोणालाही विचारले तरी एक जोडनाव हमखास निघायचे: फारूखमास्तर आणि द्वारकाबाई. कोणी सांगे, गंगापूरच्या बाजारात त्यांचे गाणे संपेपर्यंत एसटी थांबून राहिली होती. अशा हकिकतींवर मी विसंबत नाही. एसटी थांबल्याची हकिकत मला तीन वेगवेगळ्या गायकांबद्दल तीन माणसांनी सांगितलेली आहे. मला फीत हवी होती. शोधून दोन कॅसेट मिळाल्या. एकीची फीत बुरशीने चिकटली होती. दुसरीवर कोणीतरी नंतर वरातीचा बँड भरून घेतला होता, आणि बँड थांबतो त्या फटीत एका बाईने श्वास घेतल्याचा आवाज होता. तो श्वास द्वारकाबाईंचाच, असे लिहून ठेवण्याइतका पुरावा माझ्यापाशी नव्हता.

म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये मी त्यांच्या घरी गेले. उस्मानपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्या मुलगा आणि सून मोनिका यांच्याबरोबर राहत होत्या. वय अडुसष्ट. तीस वर्षे त्यांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली होती आणि संध्याकाळी हात धुऊन त्या गायला गेल्या होत्या. गाणे हा त्यांचा व्यवसाय होता असे मी म्हणू लागले, तर त्यांनीच दुरुस्ती केली. व्यवसाय खिचडीचा, गाणे नुसते होते.

मेथी निवडता निवडता त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले. मग गळ्यावर एक बोट टेकवले.

"आवाज न्यायला आलीस व्हय? मग लौकर ने. ह्यो आता जाणाराय."

स्वरयंत्रावर गाठ होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली होती. गाठ काढली म्हणजे जीव राहील, आवाज मात्र राहणार नाही. राहिलीच तर कुजबुज राहील, असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. मोनिकाने आतून तपासण्यांची फाईल आणून मला दाखवली. मी न मागता ती दाखवली गेली, कारण सासूबाई वाढवून सांगत नाहीत हे मला पटावे, अशी तिची इच्छा असावी.

मी तेव्हाच पिशवीतून रेकॉर्डर काढला. द्वारकाबाईंनी तो परत पिशवीत ठेवायला लावला. चार भिंतींपुढे त्या कधी गायल्या नव्हत्या. समोर माणसे हवी होती. आणि माईक मास्तरांच्या माईकसारखा हवा होता. डॉक्टरांशी त्यांनी आधीच घासाघीस केली होती. चार गाणी, एकदाच. तोवर गुणगुणणेसुद्धा बंद, बोलणेही मोजके. म्हणजे तालीम होणार नव्हती आणि दुसरी संधीही नव्हती. ती चार गाणी नीट टिपली गेली, तरच त्यांचा आवाज कुठेतरी उरणार होता. हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही.

मास्तरांच्या माईकचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे. मागे जांभळ्या शाईत १९८६ असे लिहिले आहे. अक्षर कोणाचे ते ठरवता आलेले नाही. चित्रात दोन माणसे श्रोत्यांकडे न पाहता एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. एका बाजूला जाकीट घातलेले किरकोळ अंगाचे फारूखमास्तर. मास्तर हे नाव त्यांना गाण्याने मिळाले नव्हते, शिवणकामाने मिळाले होते. शहागंजात त्यांचे कपडे शिवायचे दुकान होते. दुसऱ्या बाजूला तिशीतल्या द्वारकाबाई. आणि मधोमध, दांडीवर, मोठ्या पेल्याएवढा, रुपेरी कांब्यांचा माईक.

तो माईक मास्तरांना एका बंद पडलेल्या टॉकीजच्या सामानात मिळाला होता. त्याच्या पोटात धातूची पातळ फीत होती, आणि तसे माईक समोरून व मागून सारखेच ऐकतात. दोन माणसांत एकच माईक असल्याने दोघे समोरासमोर उभे राहू लागले, आणि पुढे कितीही माईक मिळाले तरी ती रीत सुटली नाही. सदतीस वर्षे द्वारकाबाई मास्तरांकडे पाहून गायल्या. त्यावरून शहरात जे बोलले जायचे, ते माझ्या टिपणवहीत आहे. त्याला आधार नाही, म्हणून इथे देत नाही. मास्तरांच्या पत्नी वहिदाबी कार्यक्रमाआधी द्वारकाबाईंच्या साडीला स्वतः इस्त्री करत आणि म्हणत, की मास्तर तुझ्याकडे तीन तास बघतात आणि घरी आल्यावर थेट चपलांकडे बघतात. हे मला द्वारकाबाईंनीच हसत सांगितले.

मास्तर २०११ साली गेले. पुढे घर बदलताना तो माईक भंगारात गेला. काय दिले आणि काय गेले, ते घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. द्वारकाबाईंना ते वर्षभराने कळले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही, आणि पुन्हा गायल्याही नाहीत.

आमच्याकडे एक चांगला साधा माईक होता, हातात धरायचा, काळ्या जाळीचा. तो वापरावा असे मी दोनदा सुचवले. जुन्या घाटाचे स्वस्त माईक बहुतेक दिखाऊ असतात, हे मला माहीत होते. द्वारकाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्ये भाजलेलं वांगं तोंडापुढं धरून मी नाय गाणार, सदफ."

तेव्हा पैठण गेटजवळच्या जुनेदभाईंच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकान अरुंद, भिंतभर केबल लटकलेल्या. द्वारकाबाईंना मुलाने सांगून ठेवले होते की पाच हजारांच्या पुढे जायचे नाही. जुनेदभाईंनी जुन्या घाटाचे तीन माईक काऊंटरवर मांडले. तिन्ही दिसायला छायाचित्रातल्या माईकचे नातेवाईक शोभतील असे.

मी प्रत्येक माईक उघडून दाखवायला सांगितले. पहिला प्लास्टिकचा निघाला, वरून रुपेरी रंग दिलेला; नखाने खरवडला तर रंग नखाखाली आला. तो फोटो स्टुडिओवाले नेतात, असे जुनेदभाईंनी लगेच कबूल केले. दुसरा फार नाजूक कानाचा होता. घरात संगणकाला जोडून बोलायला उत्तम, पण सभागृहात स्पीकरपुढे ठेवला असता तर शिट्ट्या मारत सुटला असता. तिसरा धातूचा होता. मंचावरच्या साध्या, भरवशाच्या माईकच्या पोटात जे असते तेच त्याच्या पोटात होते. बदलले होते ते फक्त अंगरखे. बटण घट्ट होते, सांध्यात खडखड नव्हती. मी तो दांडीवर बसवायला लावला, माझ्या रेकॉर्डरला जोडला, हलवून पाहिला, टिचक्या मारून पाहिल्या.

"मॅडम," जुनेदभाई म्हणाले, "लोक माईकचा चेहरा बघून नेतात. तुम्ही पोट चिरून बघताय."

द्वारकाबाईंनी तो दांडीवरून काढायला लावून तळहातावर तोलला आणि मानेने होकार दिला. जुना असाच जड होता. दांडीचा स्क्रू ढिला असला तर मान खाली घालायचा.

मग जुनेदभाईंनी ते सांगितले, जे त्यांनी सांगायलाच हवे होते. जुना माईक दोन्हीकडून ऐकायचा, हा तसा नाही. पुढे कंपनीच्या नावाची पट्टी आहे. त्या बाजूने गायचे.

"अम्मा, ये सिर्फ सामने से सुनता. पीछे से पूरा बहरा है."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी तेच पुन्हा मराठीत सांगितले. त्या पुन्हा व्हय म्हणाल्या. त्यांना समजले आहे, अशी नोंद मी मनाशी केली.

माईक परत दांडीवर बसवून जुनेदभाईंनी नावाची पट्टी त्यांच्याकडे वळवली आणि काहीतरी बोला म्हणाले. द्वारकाबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. त्यांना घशाची भीती वाटत असावी, असे मला वाटले, आणि मी राहू द्या म्हणणार तेवढ्यात त्या म्हणाल्या:

"हाये."

एकच शब्द, पण भरलेला, खालून वर आलेला. काऊंटरवरच्या काचा किंचित वाजल्यासारखे मला वाटले. रेकॉर्डरवर तसे काही आलेले नाही, तेव्हा तो माझा भास असणार.

रिक्षातून परत येताना त्यांनी त्या शब्दाचे सांगितले. प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी माईक तपासायची त्यांची एक रीत होती. मास्तर आपल्या बाजूने विचारायचे, "बाई, हायेत का?" आणि त्या आपल्या बाजूने म्हणायच्या, "हाये." दोन्ही बाजू चालू आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना ते इतके पाठ झाले होते की काही जण मंडपातूनच उत्तर द्यायचे. दुकानात त्या गप्प का उभ्या होत्या, ते मला तेव्हा कळले. त्या प्रश्नासाठी थांबल्या होत्या.

हे ऐकूनही मी एक साधा प्रश्न विचारला नाही. जुन्या माईकवरही नावाची पट्टी होती का, आणि ती कोणाकडे असायची?

कार्यक्रम रविवारी, २१ जानेवारीला, सकाळी अकरा वाजता ठेवला. उस्मानपुऱ्यातल्याच एका छोट्या सभागृहात. शंभर खुर्च्या मांडल्या होत्या, माणसे जास्त आली. फर्दापूरहून सांडूभाऊ आले होते. पंचवीस वर्षे त्यांनी या जोडीला पेटीवर साथ केली होती, आणि आता बोटे आखडल्यामुळे त्यांनी ती आदल्या दिवसापासून कोमट पाण्यात बुडवून ठेवली असल्याचे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

मांडणी मी केली. माईकचे तोंड छायाचित्राप्रमाणे एका बाजूला केले, म्हणजे द्वारकाबाईंना श्रोत्यांकडे तोंड न करता, सवयीप्रमाणे बाजूला तोंड करून गाता यावे. नावाची पट्टी मंचाच्या पायऱ्यांकडे केली आणि त्या बाजूला जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली. तिथे उभे राहायचे. सभागृहाच्या मिक्सरमधून एक तार माझ्या मुख्य रेकॉर्डरकडे घेतली. दुसरा रेकॉर्डर शेवटच्या रांगेत ठेवला, श्रोत्यांचा प्रतिसाद टिपण्यासाठी. यादीतल्या सगळ्या गोष्टींपुढे खुणा झाल्या, तेव्हा मला समाधान वाटले होते. ते समाधान मला आजही लख्ख आठवते.

द्वारकाबाई हिरवी साडी नेसून आल्या. पायऱ्या चढल्या. दांडीला हात लावून तो कपाळाला लावला. फुलीवर पाय पडू नये अशा बेताने तिच्या कडेने गेल्या, माईकला वळसा घालून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आणि नावाच्या पट्टीपुढच्या रिकाम्या जागेकडे तोंड केले.

त्या वळून परत येतील, असे मला वाटले. सभागृह शांत झाले. त्या थांबल्या, किती वेळ ते मुद्रणावर आहे, सात सेकंद. मग म्हणाल्या, "हाये."

माझ्या हेडफोनमध्ये तो शब्द रस्त्यापलीकडच्या घरातून आल्यासारखा आला.

पहिले गाणे सुरू झाले. मिक्सरवर बसलेल्या माणसाने आवाज वाढवला. स्पीकरने शिट्टी मारली. त्याने आवाज उतरवला. पुन्हा वाढवला, पुन्हा शिट्टी. पुढच्या रांगेतली माणसे खुर्चीत पुढे सरकून कान देऊ लागली. माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीला हळू आवाजात म्हणाले की बाईंचा आवाज गेला, फार वाईट वाटते. थोड्याच वेळात सभागृहातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच समजूत पसरली. लोक मायेने ऐकू लागले, आजारी माणसाजवळ बसावे तसे.

मी हेडफोनचा एक कान काढला. मंचापासून मी दहा फुटांवर होते, आणि तिथे, तारेवाचून, नुसत्या हवेतून येणारा आवाज गेलेला नव्हता. तो खर्जात थोडा खरखरीत होता, वर जाताना स्वच्छ होत होता, आणि शब्दाच्या शेवटी ती बाई स्वर सोडून न देता खाली ठेवत होती, भरलेले भांडे ओट्यावर ठेवावे तसा. लोकांनी चार महिने सांगितलेल्यापैकी एवढे तरी खरे होते. ते मी ऐकत होते आणि ते कुठेही नोंदले जात नव्हते.

पहिले गाणे संपल्यावर मी पायऱ्या चढून गेले आणि माईकवर तळहात ठेवला. मी त्यांना म्हटले की त्या मागच्या बाजूला उभ्या आहेत, इकडच्या बाजूला यावे.

द्वारकाबाईंनी माझ्या हाताखालच्या नावाच्या पट्टीकडे पाहिले.

"ती बाजू मास्तरांची हाय. नाव मास्तरांकडं, मी इकडं. पहिल्यापासून."

तेव्हा मला कळले, जे मी रिक्षात विचारायला हवे होते.

"मावशी, त्या बाजूला आता कोणी नाही."

हे वाक्य मी उच्चारले. ते बदलून लिहिण्याचा मोह मला झाला होता.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. खरोखर अडचण असल्यासारख्या, कमी बोलायचे असल्यामुळे अगदी जपून, म्हणाल्या, "मी तिकडं आले, तर म्हणू कुणाला?"

सांडूभाऊंनी पेटीवरून मान वर केली आणि मला डोळ्यांनी खाली जायला सांगितले. मी खाली आले.

उरलेली तीन गाणी मास्तरांनीच बांधलेली होती, दोघांची. त्यांच्या ओळी आल्या की सांडूभाऊ त्या नुसत्या पेटीवर वाजवत, आणि द्वारकाबाई समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहत, ओळीच्या शेवटी दाद दिल्यासारखी मान हलवत, मग आपली ओळ उचलत. शेवटच्या गाण्यात त्यांनी एकदा हसून मान फिरवली. तिथे मास्तर काहीतरी चेष्टा करत असत, असे सांडूभाऊंनी मला नंतर सांगितले. कोणती, ते त्यांना आठवेना.

लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या गाण्यासाठी नव्हत्या. मी त्या मुद्रणात पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत. त्या फार लवकर सुरू होतात.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंचा गळा सुजला. सोमवारी त्यांना दाखल केले आणि शस्त्रक्रिया आठवडाभर आधी, गुरुवारवर आणली. बोलणे त्या दिवसापासून पूर्ण बंद.

मंगळवारी मी जोडणीची एक तार परत करायला जुनेदभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी कार्यक्रमाचे विचारले. मी सांगण्याऐवजी हेडफोन पुढे केले. त्यांनी थोडे ऐकले आणि काढून ठेवले.

"पीछे से गायी."

मी सगळे सांगितले. मास्तरांची बाजू, नावाची पट्टी, मी मंचावर गेले ते, त्या काय म्हणाल्या ते. जुनेदभाई तार गुंडाळत होते. ती अर्धी गुंडाळून थांबले.

"तो माईक घुमा देते ना, मॅडम. बाई को काय को घुमा रहे थे?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना तो साधा प्रश्न पडला होता. दांडीवरचा एक स्क्रू, अर्धा फेरा. द्वारकाबाई जिथे होत्या तिथेच राहिल्या असत्या, समोरची जागाही तशीच रिकामी राहिली असती, फक्त माईकचे तोंड त्यांच्याकडे झाले असते. त्या अडल्या असत्या का, नाव आपल्याकडे आलेले त्यांना चालले असते का, हे मी सांगू शकत नाही. मी विचारले नाही, म्हणून त्याचे उत्तर नाही. माझा तळहात त्या वेळी माईकवरच होता. पण जमिनीवरची फुली मी मारली होती, मांडणी माझी होती, आणि तिच्यात चुकली होती ती बाई, असे मला वाटले. मिक्सरवरच्या माणसाला त्या घाटाच्या माईकची माहिती नव्हती, श्रोत्यांना नव्हती. ती त्या सभागृहात फक्त मला होती.

त्या दुकानातून बाहेर आल्यावर मी लगेच मोनिकाला फोन केला. तिने सांगितले की आई आता मानेनेच बोलतात.

दोन्ही रेकॉर्डरवरचे मी पुष्कळ साफ करून पाहिले. मुख्य मुद्रणात सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती नावाच्या पट्टीपुढची जागा: पंख्याची घरघर, पेटीच्या भात्याचा श्वास, पायऱ्यांवर कोणीतरी पिशवी ठेवल्याचा आवाज. त्याच्या पलीकडे, खोल, एक बाई गाते आहे. शेवटच्या रांगेतल्या रेकॉर्डरवर एक लहान मूल पाणी मागते आहे आणि खुर्च्या सरकत आहेत. संग्रहाच्या नोंदवहीत मी दर्जाच्या रकान्यात "असमाधानकारक" असे लिहिले आणि कारणाच्या रकान्यात माझे नाव.

एप्रिलमध्ये मोनिकाचा निरोप आला की आईंना ते ऐकायचे आहे. मी दोन वेळा तारीख पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलता आली नाही.

गळ्याभोवती त्यांनी सुती पंचा गुंडाळला होता. बोलत होत्या, पण तो नुसता श्वास होता, शब्दाच्या आकाराचा. माईक कपाटावर उभा करून ठेवला होता; मोनिका तो रोज पुसते, असे त्यांनी खुणेने सांगितले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि पहिले गाणे लावले. त्यांनी डोळे मिटले. खालून गिरणीचा धक्का जमिनीतून येत होता. गाणे संपल्यावर त्यांनी हेडफोन स्वतःच काढले.

"त्या दिशीच गेला व्हता म्हण की," त्या म्हणाल्या. "लोकांनी सांगितलं नाय."

त्यांनी ते मान्य केलेले दिसत होते, आणि मी गप्प बसले असते तर ते तसेच मान्य राहिले असते. मोनिका दाराशी उभी होती.

मी सांगितले की नव्हता गेला. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण होता. मी दहा फुटांवरून ऐकला आहे. माईक उलटा होता. मी त्यांना तिकडे यायला सांगितले, त्याऐवजी मी तो फिरवायला हवा होता. मला ते सुचले नाही.

द्वारकाबाईंनी कपाटावरच्या माईककडे पाहिले. मग त्यांनी हवेत दोन बोटांनी स्क्रू ढिला केल्यासारखे केले, मनगट वळवले, आणि माझ्याकडे पाहिले.

"हो," मी म्हटले. "एवढेच."

त्यांचे खांदे हलले. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे आवाजावाचून ओळखण्याइतकी माझी सवय तेव्हा झालेली नव्हती. मोनिका आत येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली, तेव्हा कळले.

थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारले की आणखी काही आहे का. कुठलेही. छोटेसुद्धा.

एक होते. मी त्याला कधी मुद्रण म्हटले नव्हते. जुनेदभाईंच्या दुकानात माईक तपासताना रेकॉर्डर चालू होता, आणि त्या फाइलला मी "चाचणी, दुकान" एवढेच नाव दिले होते. त्यात माझ्या टिचक्या आहेत, जुनेदभाईंचे पोट चिरण्याबद्दलचे बोलणे आहे, एक रिक्षा जाते, आणि त्यानंतर तो एक शब्द आहे, नावाच्या बाजूने, समोरून, जवळून. मी तो शोधला आणि हेडफोनची तार काढून रेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरवर लावला.

"हाये."

खोलीत तो आवाज आला तेव्हा मोनिकाने दचकून सासूच्या तोंडाकडे पाहिले. तोंड मिटलेले होते.

त्यांनी बोटाने पुन्हा अशी खूण केली. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली, तसे नाही. त्या उठल्या, कपाटावरचा माईक दोन्ही हातांनी उतरवला आणि आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. वळवून, नावाची पट्टी माझ्याकडे करून. तो कशालाही जोडलेला नव्हता. मग पलीकडे बसून त्या कुजबुजल्या, "आधी तू इचार."

हे मी विचारू नये, असे मला वाटले. मास्तरांचा आवाजही माझ्या संग्रहात नाही. तो कसा होता हे मला माहीत नाही. पण त्या थांबल्या होत्या, जशा दुकानात थांबल्या होत्या आणि मंचावर सात सेकंद थांबल्या होत्या.

"बाई, हायेत का?" मी विचारले, आणि रेकॉर्डरचे बटण दाबले.